आखरावरचं पाणी

आमच्या गावात खडी गंमत दिवसा होत असे. दुसऱ्या गावांत ती रात्रीची होते, मशाली नाहीतर गॅसबत्ती लावून. आमच्याकडे माझ्या आजाच्या वेळेस गॅसबत्ती भडकून मांडव पेटला आणि एक बैल भाजला. तेव्हापासून पाटलाच्या घरानं रात्रीची गंमत बंद केली ती केलीच. म्हणून माघातल्या जत्रेत न्याहारी आटोपली की लोक मारोतीच्या पारासमोर गोल धरायचे आणि दिवस बुडेपर्यंत एकामागून एक पार्ट्या उभ्या राहायच्या. अल्लीपूरकडचे लोक आम्हाला हसायचे. तुमच्याकडे नाच्याच्या गालावरची खुंटं दिसतात, म्हणायचे. दिसायची. आम्हाला त्याचं काही वाटत नसे.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. खडी म्हणजे उभी. गाणारे उभे, वाजवणारे उभे, पाहणारेही उभे. मधे शाहीर, ढोलकीवाला, तुणतुण्यावाला, मागून सूर धरणारे दोघं-तिघं, आणि नाच्या. नाच्या म्हणजे लुगडं नेसून बाईचं काम करणारा पुरुष. पार्टी कोणतीही असो, नाच्या नसेल तर ती गंमत नाही, ते भजन. स्टेज नसे. गोलाला पुढची बाजू नसते, म्हणून पाटलाला आणि गुराख्याला सारखंच दिसायचं. बाया गोलात येत नसत. त्या पाटलाच्या माडीवरून आणि आजूबाजूच्या घरांच्या धाब्यांवरून पाहायच्या.

आता स्टेज बांधतात. नवीन पार्टी आली की माईकवरून तिचं नाव पुकारतात, हार घालतात, नारळ देतात. मागच्या साली नातवानं विचारलं, तुमच्या वेळेस नवीन लोकांचं स्वागत कसं करत होते? मी म्हटलं, पाणी पाजून. तो हसला. हसण्यासारखं त्यात काय होतं ते मला कळलं नाही, म्हणून लिहून ठेवतो आहे. मी तिसरीपर्यंतच शाळेत गेलो, पण माझं अक्षर कोणालाही वाचता येतं.

जुन्या पार्ट्या, म्हणजे ज्या आमच्याकडे आधी येऊन गेल्या, त्या सरळ पारावर यायच्या. नवीन पार्टीला ते चालत नसे. गावाबाहेर आखर आहे, सकाळी गुरं गोळा होतात ती मोकळी जागा. तिथं एक कडुलिंब आहे. नवीन पार्टीनं त्या लिंबाखाली थांबायचं. मग गावातून एकजण तांब्याची घागर आणि गडवा, म्हणजे लोटा, घेऊन जायचा, आणि पार्टीतल्या एकेका माणसाला पाणी पाजायचा. पाहुण्यानं उकिडवं बसून ओंजळ धरायची, वरून धार सोडायची, पुरे झालं की त्यानं मान हलवायची. सगळ्यांनी पाणी पिलं म्हणजे पार्टी गावची झाली. मग त्यांची भाकर, झोपायची जागा, बैलांचा कडबा, आणि कोणी त्यांच्याशी दंगा केला तर त्याचा बंदोबस्त, सगळं गावावर. एकानंही पाणी घेतलं नाही तर पार्टीनं गोलात पाय ठेवायचा नाही. आणि ज्या साली नवीन पार्टी येईल त्या साली जत्रेचा पहिला गण तिचा. तिनं गण म्हटल्याशिवाय जुन्या पार्ट्यांची ढोलकी वाजत नसे.

नवीन माणसाला पहिला मान काऊन, हे मी दोघा म्हाताऱ्यांना विचारलं होतं. एक म्हणाला, नवीन माणूस दुसऱ्याचं पाहत बसला की घाबरतो, आधीच उभा केला तर घाबरायला वेळ मिळत नाही. दुसरा म्हणाला, त्यानं आमच्या जुन्या पार्ट्यांचं उचलू नये म्हणून. दोन्ही खरं असेल.

पार्टीतले लोक कोणकोणत्या जातीचे हे आमच्याकडे विचारत नव्हते, असं आता पोरं भाषणात सांगतात. विचारत होते. वरून धार सोडायची रीत त्याचसाठी होती, गडव्याला कोणाचा हात लागू नये म्हणून. फक्त ती रीत सगळ्यांना एकच होती, शाहीर ब्राह्मण असला तरी त्यानं ओंजळीनंच प्यायचं. तेवढं खरं आहे, आणि तेवढंच मी सांगतो.

ती घागर आमच्या घरची. माझ्या बापानं पाजलं, त्याच्या बापानं पाजलं. बाप वारला त्या साली आम्हाला सुतक होतं म्हणून घागर समोरच्या घरी गेली. समोरच्या घरचा म्हातारा बापाच्याच वयाचा, आणि त्याच्या मनात ती घागर पहिल्यापासून होती. जत्रा झाल्यावर तो ती परत देईना. घासायला काढली म्हणे, मग कल्हईला द्यायची म्हणे. पाण्याच्या घागरीला कोणी कल्हई करतं का? शेवटी मी त्याच्या चुलीपासून ती उचलून आणली, आतल्या पाण्यासकट. तेव्हापासून आमचं बोलणं होतं, पण कामापुरतं.

त्यानंतर माझं लग्न झालं. बायको सिंदीच्या पलीकडची, आमच्यापासून बैलबंडीनं लांबचा पल्ला. सासऱ्याची थोडी शेती होती. माणूस उंच, सडपातळ, हळू बोलणारा. मध्यस्थानं सांगितलं होतं की बाप भजनात असतो. लग्नात माझ्या मायनं एक गोष्ट पाहिली होती, की याला मिशी नाही. आमच्याकडे बाप जिवंत असेपर्यंत मिशी काढत नसत, आणि याचा तर बाप मांडवात बसला होता. मायनं विचारलं. कोणीतरी सांगितलं, नवस आहे. नवसाचं नाव निघाल्यावर पुढं कोण विचारतो!

सासरा रीतीचा कडक. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणी घ्यायचं नाही, ही रीत आमच्याकडेही होती, पण ढिली झाली होती. त्याच्याकडे नव्हती. लग्नानंतर तो एकदा-दोनदा लेकीला भेटायला आला तेव्हा सोबत भाकर बांधून आणायचा, आमच्या शेतातल्या आंब्याखाली खायचा आणि पाणी गावविहिरीवर जाऊन प्यायचा. आमच्या ओट्यावर बसायचा तेही टेकून बसत नसे. मी आग्रह केला नाही. आग्रह करून माणूस रीत सोडत असेल तर त्याची ती रीतच नव्हती, असं मी मानतो.

ज्या सालाची ही गोष्ट, त्या साली आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता. गाव होतं तिथंच होतं. पाटील बाजारच्या दिवशी सिंदीला गेला असता तिथं त्याला एक शाहीर भेटला, जाड, घामाघूम होऊन बोलणारा. त्याची पार्टी आसपासच्या खेड्यांत पोळ्याला, होळीला उभी राहायची, पण मोठ्या जत्रेत ती कुठंच उभी राहिलेली नव्हती. पाटलानं तिला बोलावलं. आमच्या गोलात उभ्या राहिलेल्या पार्टीला पुढं हिंगणघाटाच्या बाजूची बोलावणी येत. आणि आखरावरून जी परत गेली तिची गोष्ट बाजाराबाजारात होई. शाहिराला हे पक्कं माहीत होतं, कारण पाटलानं आम्हाला नंतर सांगितलं की तो बाजारात त्याच्या पाया पडला होता.

पार्टी कोणत्या गावची हे पाटलानं मला सांगितलं असतं तर पुढचं झालं नसतं. त्याला वाटलं, सिंदीकडची म्हटलं म्हणजे झालं.

जत्रेच्या पहिल्या दिवशी सकाळी बायकोनं घागर चिंच-राखेनं घासली, विहिरीवरून भरून आणली. मी धुतलेलं धोतर नेसलो, फेटा बांधला आणि घागर खांद्यावर घेऊन आखरावर गेलो. अर्धं गाव तिथं आधीच होतं. नवीन पार्टी पाहायला लोक पारावर वाट पाहत बसत नसत, आखरावरच यायचे, म्हणजे कोण कसा चालतो, कोण लाजतो, ते आधीच पाहून घेता येत असे. समोरचा म्हातारा लिंबाला टेकून उभा होता.

बंडी आली. शाहीर पहिला उतरला, त्यानं ओंजळ धरली, पोटभर पिलं. मग ढोलकीवाला, तुणतुण्यावाला, मग सूर धरणारे. एक माणूस बंडीतच बसून होता, तोंडाला शेला गुंडाळून. मी म्हटलं, पाहुणे, खाली या. तो आला. शेला खाली केला तेव्हा पाहिलं, तर माझा सासरा.

"राम राम, जवाईबुवा," तो म्हणाला.

"राम राम, मामाजी. तुमी कसे काय इकडं?"

त्यानं घागरीकडे पाहिलं आणि विचारलं, "हे घागर कोणाच्या घरची?"

"आपल्याच घरची."

"मंग झालं," तो म्हणाला, आणि जाऊन बंडीच्या धुऱ्यावर बसला.

गावविहिरीचं पाणी गावातलाच कोणी पाजतो, एवढंच त्यानं ऐकलं होतं. ते पाणी लेकीच्या घरच्या घागरीत, तिच्याच हातानं भरलं जातं आणि जावयाच्या हातानं पाजलं जातं, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण? बायकोला तरी कुठं माहीत होतं की येणारी पार्टी तिच्याच गावची.

मला वाटलं, हा भजनातला माणूस, मागून सूर धरत असेल. मी शाहिराला म्हटलं की हा एक माणूस बाजूला बसू द्या, त्याला पार्टीत मोजू नका, बाकीचे गण म्हणा.

"त्याले बाजूले बसवून गंमत कशाची करू?" शाहीर म्हणाला. "मी नेसू का लुगडं?"

शाहिराचं पोट आणि गलमिशा पाहून लोक हसले, पण ते हसणं मधेच थांबलं. एकेकाच्या ध्यानात येत गेलं. लग्नाला आलेले लोक तिथं होते. मी सासऱ्याकडे पाहिलं. त्याच्या कानाच्या पाळ्यांना भोकं होती, ती मी लग्नातही पाहिली होती. तेव्हा बऱ्याच म्हाताऱ्यांच्या कानात बाळ्या असत, म्हणून मी काही धरलं नव्हतं. मिशीचा नवस कोणता तेही आता कळलं.

लिंबाखालून समोरच्या म्हाताऱ्याचा आवाज आला.

"काऊन रे, लग्नात विहिणीचा मान कोणाले देल्ला होता? बाईले का बुवाले?"

आता मात्र लोक मोकळे हसले. मी घागर खाली ठेवली नाही. सगळ्यांना पाजून होईपर्यंत ती खाली ठेवत नाहीत.

पाटील समजूतदार माणूस. त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं की अडचण पाण्याची नाही, घराची आहे. आजच्या दिवस घागर समोरच्या घरी जाऊ दे, ते भरून आणतील, ते पाजतील, तुझा सासरा पिईल, गण होईल. एका दिवसाची गोष्ट. समोरचा म्हातारा ऐकत होता. त्यानं लिंब सोडला आणि दोन पावलं पुढं येऊन हात मोकळे करून उभा राहिला. ते हात मला अजून दिसतात.

मी म्हटलं, "घागर हलणार नाई."

"पार्टी वापस जाईन," पाटील म्हणाला.

"जाऊ द्या."

हे मी बोललो. आज मला कोणी विचारलं तरी मी तेच बोलेन. एकदा सुतकात गेलेली घागर मी चुलीपासून उचलून आणली होती. हसत हसत दिलेली कुठून आणली असती?

शाहिराला वाटलं, आता निदान सासरा तरी ऐकेल. तो त्याच्याजवळ जाऊन बसला, हात धरले, पार्टीचं नाव घेतलं, आपल्या म्हातारपणाचं काय काय सांगितलं. सासऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. मग मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"जवायाचं बराबर आहे. घरचा मान असा आखरावर देऊन टाकू नये. मायं बी बराबर आहे. मी पाणी घेणार नाई. बैल जुपा."

त्या दिवशी आखरावर आम्ही दोघंच एकमेकांच्या बाजूनं होतो, आणि आमच्यामुळेच सगळं अडलं होतं. शाहीर खाली मातीत बसला. ढोलकीवाला बैल जुपायला उठला नाही आणि ढोलकी सोडायलाही उठला नाही. पारावर जुन्या पार्ट्या तयार बसल्या होत्या. त्यांचे निरोप येऊ लागले की गण होतो आहे का नाही. ऊन वर आलं. हसून झालेले लोक आता चिडू लागले. काही माझ्यावर, काही सासऱ्यावर, आणि थोडे समोरच्या म्हाताऱ्यावरही, कारण तो अजून हात मोकळे ठेवून तसाच उभा होता.

बातमी घरी कोणी नेली माहीत नाही. बातमी न्यायला तेव्हा माणूस लागत नसे. माझी माय येताना दिसली. माय म्हातारी, विधवा, तिला आखरावर यायला कोणाची बंदी नव्हती. तिच्या काखेत घडी केलेलं लुगडं होतं. हिरवं, लाल काठाचं, नागपूरच्या कोष्ट्याकडचं. बायकोला लग्नात माहेरहून आलेलं. ती ते सणालाही नेसत नसे, नवंच होतं.

माय माझ्याकडे आली नाही. सरळ बंडीजवळ गेली आणि इवायापुढं, म्हणजे आपल्या व्याह्यापुढं, लुगडं धरलं. म्हणाली, "सुनेनं पाठोलं. म्हणते, बाबाले द्या, आन सांगा, बापानं नाई प्यायचं तं बाईनं प्यावं."

कोणी हसलं नाही. मला तर आधी कळलंच नाही. सासऱ्याला कळलं. त्यानं लुगडं हातात घेतलं, काठ बोटांनी चाचपून पाहिला.

"हे तं म्याच देल्लं होतं," तो म्हणाला. कोणाला म्हणाला ते माहीत नाही. "मायंच आहे. घेतलं तं दोष नाई."

तो बंडीच्या मागं गेला. बंडीवर कडब्याच्या पेंढ्या होत्या, त्यामुळे दिसत नव्हतं. कोणी तिकडं गेलंही नाही. वेळ लागला. नऊवारी नेसायला वेळ लागतोच, आणि तो घाईनं नेसणारा माणूस नव्हता.

तो परत आला तेव्हा डोक्यावरून पदर होता, पायात चाळ होते. तोंडाला रंग लावलेला नव्हता. चालणं मात्र वेगळं होतं. मी सासऱ्याला शेतातून चालत येताना पाहिलं होतं. हे ते चालणं नव्हतं. गावातल्या बाया विहिरीवरून जशा येतात, घागर डोक्यावर नसली तरी मान तशीच धरून, तसं ते होतं. लिंबाखाली येऊन तो माझ्यासमोर उकिडवा बसला, पदर सावरला आणि ओंजळ पुढं केली.

"आता मी कोणाचा बाप नाई," तो म्हणाला. "टाका पाणी, बुवा."

मी टाकलं. माणसं तहान नसली तरी रीत म्हणून दोन घोट घेतात आणि मान हलवतात. यानं मान हलवली नाही. सकाळपासून, कदाचित आदल्या मुक्कामापासून, तो पाण्यावाचून होता. बाकीचे पिऊन झाले होते तरी घागरीत बरंच होतं. मी ओतत राहिलो. खांदा दुखायला लागला. शेवटी त्यानं मान हलवली आणि पदरानं तोंड पुसलं.

शाहीर मातीतून उठला आणि ढोलकीवाल्यानं तिथंच, आखरावरच, हात मारला. तसं करायची रीत नाही, ढोलकी पारावरच वाजली पाहिजे. पण पाटलानं ते चालवून घेतलं.

गण त्यांनी बरा म्हटला. शाहिराचा आवाज बसका होता आणि तो घाईत होता. पण नाच्या गोलात उतरला तेव्हा पाहणारे दाटून आले. मी गोलात नेहमीच्या जागी उभा होतो, पाराच्या डाव्या अंगाला. मी निघून जाईन असं काहींना वाटलं असेल. माझी जागा सोडून मी काऊन जाऊ?

नाच्या गोल फिरतो. गोलाला पुढची बाजू नसते, म्हणून त्याला सगळ्यांपुढं जावं लागतं. प्रत्येकापुढं थोडं थांबायचं, डोळा मारायचा, कोणाला मिशीवरून, कोणाला फेट्यावरून बोलायचं, आणि पुढं सरकायचं. पाटलाला तो म्हणाला की तुमच्या गावात पाणी लई महाग, लुगडं देऊन घ्या लागते. पाटील हसून हसून खोकला. समोरच्या म्हाताऱ्यापुढं तो नुसता थांबला आणि त्याच्या मोकळ्या हातांकडे पाहिलं. म्हाताऱ्यानं हात मागं घेतले. गोल त्यावरही हसला.

मग तो माझ्यापुढं आला. गोलातला आवाज कमी झाला. माझ्यापुढं तो काय बोलतो, याच्यावर त्या दिवशीचं सगळं टेकलेलं होतं. मी काय करीन याचा लोकांना भरवसा नव्हता. मलाही नव्हता.

त्यानं बोलणं सोडून दिलं. डोक्यावरचा पदर पुढं ओढला, पार हनुवटीपर्यंत, मान खाली घातली आणि अंग वळवून माझ्यासमोरून हळूच सरकून गेला. आमच्याकडे सासू जावयासमोरून अशीच जाते. पदर पुढं घेऊन, न बोलता, अंग चोरून. माझी सासू माझ्यासमोरून अगदी तशीच जायची. तो तिलाच पाहून शिकला असेल, का ती त्याला पाहून, कोण जाणे.

गोल एवढा हसला की ढोलकी ऐकू येईना. विहिणीचा मान कोणाला, हे समोरच्या म्हाताऱ्यानं सकाळी विचारलं होतं, त्याचं उत्तर सगळ्यांना मिळालं. त्यानंतर तो प्रश्न आमच्या गावात पुन्हा कोणी विचारला नाही. कारण गोलातल्या त्या हसण्यापेक्षा जास्त हसू त्यावर आता येणार नव्हतं.

मी हसलो का, असं नातवानं विचारलं. मी उभा होतो. जावयानं सासूसमोर हसू नये अशी रीत आहे.

बायको पाटलाच्या माडीवर होती. बापाला नाचताना तिनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तिच्या गावातही पोरींना गोलाजवळ येऊ देत नसत, आणि घरी तो त्याबद्दल बोलत नसे. चाळ धान्याच्या कोठीत ठेवायचा. संध्याकाळी मी घरी आलो. नाच्याची लेक आहे हे मला आधी का सांगितलं नाही, एवढंच मी मनात धरून होतो, आणि ते तिला माहीत होतं. तिनं ताट वाढलं, भाजी वाढली. मग म्हणाली, "बाबा बरे नाचतात."

मी जेवत राहिलो. बरा नाचला होता, त्यात काही खोटं नव्हतं.

लुगडं परत आलं तेव्हा त्याचा काठ आखराच्या मातीनं भरला होता. तिनं ते धुतलं, आणि पुढच्या पोळ्याला नेसली. नंतर नेहमीच नेसू लागली, शेतात जातानासुद्धा. नवं लुगडं शेतात काऊन नेसतेस, मी म्हटलं होतं. ती म्हणाली, एकदा गोलात जाऊन आलं, आता काय नवं राह्यलं.

त्या पार्टीला हिंगणघाटाच्या बाजूची बोलावणी आली. आमच्याकडे ती, मी थकून घागर सोडेपर्यंत, दरसाल येत राहिली. पुढच्या साली ती जुनी झालेली, म्हणून सरळ पारावर. सासऱ्याला त्यानंतर आखरावर बसावं लागलं नाही आणि माझ्या हातचं पाणीही प्यावं लागलं नाही. जत्रेला आला की तो आमच्या ओट्यावर बसायचा, लेकीशी बोलायचा आणि तहान लागली की उठून समोरच्या घरी जायचा. समोरचा म्हातारा त्याची वाटच पाहत असायचा. गडवा भरून ओट्याच्या कोपऱ्यावर ठेवलेला. दोघंही तिथं बसून बोलत राहायचे, मोठमोठ्यानं, मला ऐकू यावं म्हणून. मला ऐकू यायचं. मी आत जायचो नाही. माझाच ओटा होता.

मग आम्हाला मुलगी झाली. मुलगी झाल्यावर रीत सुटते का मुलगाच लागतो, यावर दोन्ही घरांत बोलणं झालं. माझी माय म्हणाली, मूल म्हटलं आहे, मुलगा म्हटलेलं नाही. सासरा बारशाला आला, तेव्हा जत्रा नव्हती. पांढरं धोतर, पांढरा सदरा. पोरीला मांडीवर घेतलं, परत दिलं. मग मी गडवा भरून त्याच्यासमोर धरला.

तो ओट्यावरून उठला. मला वाटलं, चालला समोर. पण तो पायरीशी उकिडवा बसला आणि ओंजळ धरली.

"गडव्यानं घ्या, मामाजी," मी म्हटलं. "आता घरचेच आहात."

"असंच टाका," तो म्हणाला. "तुमच्या हातचं असंच पेलो आहे मी."

मी धार सोडली. समोरच्या ओट्यावरून म्हाताऱ्यानं हाक मारली, "इवाई, आज इकडं नाई येत का?" सासऱ्याची ओंजळ तोंडाला होती. समोरच्या कोपऱ्यावर गडवा भरलेला होता. संध्याकाळी म्हाताऱ्यानं ते पाणी तुळशीला घातलं.